बत्तीस अक्षरांचा पहारा: जीवाणू विषाणूंना कसे ओळखतात

नागपूरचं जे सांडपाणी भांडेवाडीच्या शुद्धीकरण प्रकल्पात येतं, त्यात जीवाणू खच्चून भरलेले असतात हे वेगळं सांगायला नको. पण कुठल्याही शहराच्या कच्च्या सांडपाण्यात जीवाणूंपेक्षा विषाणू जास्त असतात, एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी. त्यातल्या बहुतेकांना माणसाशी काही देणंघेणं नसतं. ते फक्त जीवाणूंना मारतात. त्यांना बॅक्टेरियोफेज किंवा नुसतं फेज म्हणतात.

फेज जीवाणूच्या कवचाला चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. रिकामं खोकं बाहेरच राहतं. आत गेलेला डीएनए जीवाणूची सगळी यंत्रणा ताब्यात घेतो. साधारण अर्ध्या तासात पेशी फुटते आणि शे-दोनशे नवे फेज बाहेर पडतात. हाच हिशेब पुढे चालू राहिला, तर काही तासांत जीवाणूंची अख्खी वसाहत संपायला हवी. तशी ती नेहमी संपत नाही. जीवाणूला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, अँटिबॉडी नाहीत, सगळं काही एकाच पेशीत. तरीही अनेक जीवाणू आधी भेटलेला विषाणू ओळखतात, आणि ही ओळख त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही मिळते. या ओळखीचं काम एक लहानसा आरएनए, म्हणजे डीएनएतल्या मजकुराची छोटी नक्कल, करतो.

वर्तमानपत्रांत नाव गाजतं ते कॅस-९ या प्रथिनाचं. ‘जनुकीय कात्री’ म्हणून सगळ्यांना ते माहीत झालं आहे. पण कुठे कापायचं हे त्या प्रथिनाला स्वतःहून कळत नाही. त्याच्या हातात जो आरएनए असतो, तोच जागा सांगतो. म्हणून या लेखात आपण आरएनएचाच माग काढणार आहोत. एकदा तो माग धरला की या विषयातली बरीच कोडी आपोआप सुटतात. जीवाणू स्वतःचाच डीएनए का कापत नाही? विषाणू आपल्या डीएनएतलं (ए, टी, जी, सी या चारांपैकी) एकच अक्षर बदलून कसा निसटतो? आणि माणसावर हेच तंत्र वापरताना डॉक्टरांना सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?

आठवण कुठे साठते

१९८७ साली जपानमधल्या ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या एका जनुकाची अक्षरं वाचत होते. जनुकाच्या शेजारी त्यांना एक विचित्र रचना दिसली. २९ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा तसाच येत होता, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये दर वेळी ३२ अक्षरांचा वेगळाच मजकूर होता. याचा अर्थ तेव्हा कुणालाच लागला नाही. पुढे स्पेनमधल्या आलिकांते इथे फ्रान्सिस्को मोहिका यांना मिठागरांत राहणाऱ्या आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांत अशीच रचना सापडली. मग त्यांनी ती अनेक जातींमध्ये शोधून काढली. २००२ मध्ये तिला क्रिस्पर हे नाव मिळालं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला रिपीट म्हणतात आणि मधल्या मजकुराला स्पेसर.

खरा उलगडा २००५ मध्ये झाला. तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिलं की अनेक स्पेसरांचा मजकूर फेजच्या किंवा प्लाझ्मिडच्या (जीवाणूंत एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या सुट्या डीएनए-वर्तुळाच्या) डीएनएशी अक्षरशः जुळतो. म्हणजे हे स्पेसर म्हणजे पूर्वी घुसलेल्या शत्रूंचे तुकडे होते. जीवाणूने ते आपल्या गुणसूत्रात शिवून ठेवले होते.

क्रिस्परच्या जोडीने काम करणाऱ्या प्रथिनांना कॅस म्हणतात. हे तुकडे आणून बसवायचं काम त्यांतली कॅस-१ आणि कॅस-२ ही दोन प्रथिनं करतात. कॅस-१चे चार आणि कॅस-२चे दोन असे सहा भाग एकत्र येऊन एक संकुल बनतं. ई. कोलायमध्ये हे संकुल घुसलेल्या डीएनएतून ३३ अक्षरांचा तुकडा पकडतं (त्यातलं एक अक्षर रिपीटमध्ये मोजलं जातं, म्हणून स्पेसर ३२चा) आणि क्रिस्परच्या सुरुवातीला, पहिल्या रिपीटच्या जागी बसवतं. त्यासाठी तो रिपीट उलगडून त्याची दुसरी प्रत तयार होते. त्यामुळे सगळ्यात नवा स्पेसर नेहमी पुढे आणि जुने मागे सरकलेले. एखाद्या जीवाणूचे स्पेसर ओळीने वाचले तर त्याला कोणते विषाणू कोणत्या क्रमाने भेटले, याचा अंदाज करता येतो.

ही मांडणी फार मोलाची आहे. क्रिस्परचं वाचन सुरुवातीच्या बाजूने होतं, त्यामुळे नव्या स्पेसरचा आरएनए जास्त बनतो. सध्या आसपास जो विषाणू फिरतो आहे, त्याच्याविरुद्धचा पहारा सगळ्यात कडक राहतो. ही यादी वाढतच जात नाही. रिपीट एकसारखे असल्यामुळे डीएनएची प्रत होताना मधले काही स्पेसर गळून पडतात. शिवाय सगळे आरएनए कॅस प्रथिनांचा एकच साठा वाटून घेतात, त्यामुळे फार लांब यादी परवडतही नाही.

मग हे संकुल स्वतःच्याच डीएनएतून तुकडे का उचलत नाही? कधीकधी उचलतं, आणि तशा बहुतेक पेशी मरतात. पण चुकीचं प्रमाण कमी ठेवणारी एक सोय आहे. डीएनए तुटला की तुटक्या टोकापासून आत खात जाणारं आरईसीबीसीडी नावाचं संकुल असतं, आणि त्यातून निघालेले तुकडे कॅस-१ आणि कॅस-२ला मिळतात. ई. कोलायच्या स्वतःच्या गुणसूत्रात आठ अक्षरांची ‘काय’ नावाची खूण साधारण हजार ठिकाणी असते. ही खूण भेटली की आरईसीबीसीडीचा कापाकापीचा जोर कमी होतो. फेजच्या डीएनएवर अशा खुणा फार कमी असतात, शिवाय त्याचं टोक आत शिरतानाच उघडं असतं. त्यामुळे तुकडे पाहुण्याचेच जास्त पडतात.

एवढं सगळं असूनही नवा स्पेसर मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक पेशी तुकडा बसवण्याआधीच फुटतात. वाचतात त्या अनेकदा अशा, ज्यांच्यात शिरलेला फेज आधीच मोडका होता. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की अतिनील किरणांनी निकामी केलेले फेज आधी मिसळले तर स्पेसर मिळवणाऱ्या पेशींची संख्या वाढते. आपल्या लसीत मेलेला विषाणू जे काम करतो, तेच इथे घडतं.

एकसष्ट अक्षरांचा आरएनए

साठवलेला मजकूर डीएनएत पडून राहिला तर त्याचा काही उपयोग नाही. आरएनए पॉलिमरेझ हे विकर संपूर्ण क्रिस्परची एक लांबलचक आरएनए प्रत बनवतं, सगळे स्पेसर आणि सगळे रिपीट एका माळेत. मग ही माळ तोडावी लागते.

ई. कोलायमध्ये हे काम कॅस-६ई करतं. प्रत्येक रिपीटचा आरएनए स्वतःवरच दुमडून एक छोटी घडी तयार करतो. कॅस-६ई ती घडी ओळखतं आणि तिच्या बुडाशी कापतं. मग जो तुकडा हाती येतो तो नेमका ६१ अक्षरांचा असतो. सुरुवातीची ८ अक्षरं मागच्या रिपीटचं शेपूट, मधली ३२ अक्षरं स्पेसरची, शेवटची २१ अक्षरं पुढच्या रिपीटची घडी. याला क्रिस्पर आरएनए किंवा सीआर-आरएनए म्हणतात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये हा आरएनए आणि त्याला धरून ठेवणारं संकुल उलगडून दाखवलं.

कापल्यावर कॅस-६ई निघून जात नाही. ते घडीला चिकटूनच राहतं. मग बाकीची प्रथिनं येऊन आरएनएभोवती उभी राहतात: कॅस-७चे सहा भाग कण्यासारखे ओळीने, कॅस-५ एका टोकाला ८ अक्षरांचं शेपूट धरून, शिवाय कॅस-८ई एक आणि कॅस-११ दोन. कॅस-६ई धरून हे सगळे अकरा भाग मिळून कॅस्केड नावाचं संकुल बनतं.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. कॅस-७चा प्रत्येक भाग आरएनएच्या दर सहाव्या अक्षराला बाजूला वळवून ठेवतो. ते अक्षर समोरच्या डीएनएशी जोडी जमवू शकत नाही. म्हणून विषाणूच्या डीएनएत त्या जागेवर बदल झाला तरी कॅस्केडला फरक पडत नाही. आरएनए प्रत्येक अक्षर सारख्याच काटेकोरपणे तपासतो असं नाही, आणि ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

दह्यातल्या आणि घशातल्या स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूंत पद्धत थोडी वेगळी आहे. कॅस-९ वापरणाऱ्या त्यांच्या क्रिस्परमध्ये कॅस-६ नसतं. त्याऐवजी ट्रेसर-आरएनए नावाचा दुसरा लहान आरएनए असतो. तो रिपीटच्या भागाशी जोडी जमवतो आणि दुहेरी झालेला तो भाग आरएनेझ-३ हे विकर कापतं. एमान्युएल शार्पांतिये यांच्या गटाने स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसमध्ये २०११ साली हा शोध लावला. तयार झालेल्या सीआर-आरएनएत स्पेसरची फक्त २० अक्षरं उरतात. तो सीआर-आरएनए आणि ट्रेसर-आरएनए यांची जोडी कॅस-९ला धरते, आणि मगच कॅस-९ काम करू लागतं. २०१२ मध्ये शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांनी हे दोन आरएनए जोडून एकच केला. त्यामुळे हवी ती २० अक्षरं लिहून हवा तो डीएनए कापता येऊ लागला. २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघींना यासाठी मिळालं. सिक्सनिस यांच्या लिथुएनियातल्या गटानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तसंच काम केलं होतं, हे विसरायला नको.

ओळख पटते कशी

पेशीत लाखो अक्षरांचा डीएनए असतो. कॅस्केड किंवा कॅस-९ प्रत्येक ठिकाणी डीएनएची शिडी उघडून बघत बसलं तर विषाणू तोवर पेशी फोडून मोकळा होईल. म्हणून आधी एक झटपट तपासणी होते. प्रथिन डीएनएवर फक्त दोन-तीन अक्षरांची एक खूण शोधतं. तिला पॅम म्हणतात. ई. कोलायच्या कॅस्केडसाठी ती बहुधा एएजी असते. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसच्या कॅस-९साठी कोणतंही एक अक्षर आणि त्यापुढे दोन जी. पॅम सापडला नाही की प्रथिन पुढे निघून जातं. सापडला तरच शिडी तिथे थोडी उघडते आणि आरएनए जोडी जमवायला लागतो.

जोडी पॅमच्या बाजूने सुरू होते. कॅस-९मध्ये पॅमलगतची दहा-बारा अक्षरं, आणि कॅस्केडमध्ये पहिली आठेक अक्षरं, अर्थात ती वळवलेली सहावी जागा सोडून, बरोबर जुळावीच लागतात. या भागाला बीज म्हणतात. बीजात एकही चूक असेल तर आरएनए बहुधा सुटतो. बीज जुळलं की पुढची अक्षरं एकेक करून उघडत जातात. तिकडे एखादी चूक असली तरी चालून जातं.

शेवटपर्यंत जोडी जमली की प्रथिनाचा आकार बदलतो. कॅस-९मध्ये दोन वेगळे भाग डीएनएच्या दोन पट्ट्या कापतात, पॅमपासून तीन अक्षरं आत. दोन्ही पट्ट्या एकदम तुटतात. कॅस्केड स्वतः कापत नाही. ते कॅस-३ला बोलावतं. कॅस-३ एक पट्टी तोडतं आणि मग ऊर्जा खर्च करत डीएनए उलगडत, खात सुटतं. दोन्हींचा परिणाम सारखाच. विषाणूचा डीएनए तुकडे होऊन पडतो आणि त्याच्या प्रती बनत नाहीत.

यातली महत्त्वाची गोष्ट आमच्या मते ही: जीवाणूला नव्या शत्रूसाठी नवं प्रथिन घडवावं लागत नाही. प्रथिन तेच राहतं. बदलतात फक्त ३२ अक्षरं. माणसाचं शरीर नव्या रोगजंतूसाठी योग्य अँटिबॉडी घडवायला आठवडा-दोन आठवडे घेतं. जीवाणूकडे तेवढा वेळ नसतो.

आता स्वतःच्या डीएनएचं काय? क्रिस्परमधला स्पेसर तर सीआर-आरएनएशी शंभर टक्के जुळतो, मग तोच आधी का कापला जात नाही? कारण स्पेसरच्या शेजारी रिपीट असतो, आणि रिपीटच्या टोकाला पॅम नसतो. ज्या फेजमधून तुकडा उचलला त्याच्याकडे पॅम होता, क्रिस्परमध्ये तो नाही. एवढ्याशा फरकावर आपलं आणि परकं ठरतं. क्रिस्परचे अनेक प्रकार आहेत, आणि त्यातल्या तिसऱ्या प्रकारात हा निर्णय वेगळ्या तऱ्हेने होतो. तिथे सीआर-आरएनएची सुरुवातीची ८ अक्षरं समोरच्या मजकुराशी जुळली तर तो स्वतःचा क्रिस्पर समजून सोडून देतात. फेजशी ती ८ अक्षरं जुळत नाहीत, म्हणून तिथे हल्ला होतो.

दह्याच्या विरजणातला प्रयोग

हे सगळं खरोखर विषाणूपासून वाचवतं का, याचा पक्का पुरावा २००७ मध्ये मिळाला, तोही दही-चीझचं विरजण बनवणाऱ्या डॅनिस्को या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मिळवला. त्यांनी स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हा जीवाणू घेतला. हा जीवाणू ४२-४३ अंशांवर सगळ्यात जोमाने वाढतो, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातलं दुपारचं तापमान.

घरच्या दह्यात अनेक जातींचे जीवाणू मिसळलेले असतात, त्यामुळे एखाद्या फेजने सगळं दही बिघडवलं असं सहसा होत नाही. डेअरीत मात्र मोजक्याच जाती वापरतात आणि एका टाकीत हजारो लिटर दूध असतं. तिथे फेज शिरला की पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ पर्यंत उतरायच्या ऐवजी पाचाच्या वरच अडकतो, दही लागत नाही, आणि सगळं दूध वाया जातं. दुधाच्या नेहमीच्या पाश्चरीकरणातून (७२ अंश, १५ सेकंद) अनेक दुग्ध-फेज सहीसलामत बाहेर येतात. दह्याचं दूध ९०-९५ अंशांवर पाच मिनिटं तापवतात, त्याचं हेही एक कारण. शिवाय दही-चीझमधून सुटणाऱ्या पाण्याचे (व्हे) तुषार विरजणाच्या खोलीत पोचू देऊ नयेत, टाक्या क्लोरीनने धुवाव्यात आणि विरजणाच्या जाती आलटून-पालटून वापराव्यात, असा नियम असतो.

डॅनिस्कोच्या गटाने फेजचा मारा करून वाचलेल्या नऊ जाती निवडल्या. त्यांच्या क्रिस्परमध्ये एक ते चार नवे स्पेसर आलेले दिसले, आणि ते त्याच फेजचे होते. मग त्यांनी उलटसुलट तपासलं. स्पेसर काढून टाकला तर प्रतिकार गेला. आधी न लढलेल्या जीवाणूत तो स्पेसर घातला तर प्रतिकार आला. स्पेसर आणि फेजच्या मजकुरात थोडा फरक पडला की संरक्षण नाहीसं झालं.

सूक्ष्मजीवशास्त्राची चांगली प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयात हा प्रयोग पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करता येतो. एम-१७ या माध्यमात अर्धा टक्का लॅक्टोज घालून जीवाणू ४२ अंशांवर वाढवायचा. त्यात १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि फेज घालून मऊ अगारमध्ये मिसळून प्लेटवर ओतायचं. दुसऱ्या दिवशी जवळपास मोकळ्या प्लेटवर काही मोजक्या वसाहती दिसतात. प्रत्येकीला दोन-तीनदा वेगळं करून रेघायचं, कारण पहिल्याच वसाहतीला फेज चिकटलेले असतात आणि पुढची सगळी मोजणी त्याने बिघडते. मग क्रिस्परच्या सुरुवातीच्या भागाच्या पीसीआरने भरपूर प्रती काढून त्या २ टक्के अगारोजच्या जेलवर चालवायच्या; तिथे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. या जीवाणूत रिपीट ३६ अक्षरांचा आणि स्पेसर ३० अक्षरांचा असतो, म्हणून नवा स्पेसर आलेल्या वसाहतीची पट्टी मूळ पट्टीपेक्षा बरोबर ६६ अक्षरांनी वर दिसते. एक टक्क्याच्या जेलवर हा फरक स्पष्ट दिसत नाही आणि प्रयोग फसला असं उगाच वाटतं.

खरोखर फसतो तो दोन ठिकाणी. कॅल्शियम घालायचं राहिलं तर अनेक फेज जीवाणूला चिकटतच नाहीत. मग सगळी प्लेट भरून वसाहती येतात आणि क्रिस्परने कमाल केली असा गैरसमज होतो. दुसरी अडचण अशी की सगळ्या वाचलेल्या पेशी क्रिस्परमुळे वाचलेल्या नसतात. काहींनी फेज ज्याला चिकटतो तो पृष्ठभागच बदललेला असतो. जेलवर पट्टी न वाढलेल्या वसाहती त्याच. त्यांना टाकून न देता वेगळ्या नोंदवाव्यात, कारण दोन्ही प्रकारांचं प्रमाण हीच तर या प्रयोगातली खरी माहिती असते. ६६ अक्षरांची पट्टी दिसली की शेवटी तिची अक्षरं वाचून फेजच्या जीनोमशी, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनए मजकुराशी, जुळवायची. तोपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही.

ई. कोलायवर हाच प्रयोग करायला गेलेले विद्यार्थी मात्र हमखास निराश होतात. प्रयोगशाळेत वापरतात त्या के-१२ जातीत कॅस्केडची जनुकं एच-एनएस नावाच्या प्रथिनाने दाबून ठेवलेली असतात. योग्य स्पेसर घालूनही फेज आरामात वाढतो. एच-एनएसचं जनुक काढल्याशिवाय किंवा कॅस जनुकं बाहेरून चालू केल्याशिवाय तिथे काही दिसत नाही.

विषाणूही गप्प बसत नाही

फेजला निसटायला फार काही करावं लागत नाही. पॅममधलं किंवा बीजातलं एक अक्षर बदललं की पुरे. वर म्हटल्याप्रमाणे ई. कोलायमध्ये सहाव्या जागेवर केलेला बदल फुकट जातो, पण पहिल्या किंवा दुसऱ्या जागेवरचा बदल फेजला सोडवतो. जीवाणूकडे यावर उपाय आहेत. एकाच फेजवर दोन-तीन स्पेसर असतील तर फेजला एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बदल करावे लागतात, आणि तसं क्वचित घडतं. ई. कोलायसारख्या जीवाणूंत आणखी एक गंमत आहे. आरएनए अर्धवट जुळला तरी कॅस्केड आणि कॅस-३ त्या डीएनएवरून नवे तुकडे कॅस-१ला पुरवतात. म्हणजे निसटलेला फेजच पुढच्या स्पेसरचा कच्चा माल होतो.

काही फेजांनी क्रिस्परला निकामी करणारी प्रथिनंच तयार केली आहेत. २०१३ मध्ये टोरंटोमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूच्या फेजांत ती पहिल्यांदा सापडली. त्यातली काही कॅस प्रथिनाला घट्ट धरून ठेवतात. काहींची घडण इतकी डीएनएसारखी असते की कॅस-९ची पॅम शोधणारी जागाच त्यांनी अडून जाते. स्यूडोमोनासवरच्या काही राक्षसी आकाराच्या फेजांची तऱ्हा आणखी निराळी. ते पेशीत शिरल्यावर प्रथिनांचं कवच तयार करून आपला डीएनए त्यात ठेवतात. कॅस-९ आत जाऊच शकत नाही.

क्रिस्पर सोडूनही लहान आरएनए बचावात काम करतात. पेक्टोबॅक्टेरियम या बटाट्याच्या रोगाच्या जीवाणूत टॉक्सआयएन नावाची एक प्रणाली आहे. तिथे ३६ अक्षरांचा आरएनए एका विषारी प्रथिनाला सतत बांधून ठेवतो. हा आरएनए लवकर नष्ट होतो, म्हणून तो सतत नवा बनवत राहावा लागतो. फेज शिरला आणि त्याने पेशीची आरएनए बनवायची यंत्रणा बिघडवली की बंधन सुटतं. विष मोकळं होतं, पेशी मरते, पण फेज वाढण्याआधी मरते. शेजारच्या पेशी वाचतात. इथे आरएनए कुणाला शोधत नाही. तो फक्त एक कुलूप आहे, आणि त्याची अनुपस्थिती हाच इशारा.

विदर्भासाठी याचा अर्थ

विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरच्या आसपासच्या समाजांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकातल्या जीएजी या तीन अक्षरांपैकी मधलं ए बदलून टी झालं की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. कॅस-९वर आधारलेलं पहिलं औषध, कॅसजेव्ही, याच आजारासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. ते बीसीएल११ए या जनुकाला तांबड्या रक्तपेशींपुरतं चालू ठेवणारा भाग तोडतं, त्यामुळे जन्मानंतर बंद झालेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूलपेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत हा बदल करून, मग बुसल्फान या जड औषधाने अस्थिमज्जा रिकामी करून पेशी परत सोडतात. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. इथे रुग्णाने आज करायचं ते नेहमीचंच आहे: एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीने निदान पक्कं करून घेणं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणं, लग्नाआधी तपासणी करणं.

पण आरएनएचा माग इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट नीट पाहायला हवी. २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए म्हणजे चारचा विसावा घात, साधारण एक लाख कोटी शक्यता. माणसाचा जीनोम सुमारे ३२० कोटी अक्षरांचा. गणिताने चुकीच्या जागी बसण्याची भीती नसावी. पण आरएनए वीसही अक्षरं सारखी तपासत नाही, हे आपण वर पाहिलं. बीजापासून दूरच्या चुका त्याला चालतात. फेज हाताळणाऱ्या जीवाणूला ही सवलत उपयोगी पडते, कारण थोडा बदललेला फेजही पकडता येतो. माणसाच्या पेशीत तीच सवलत धोक्याची ठरते. म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने मुख्यतः चुकीच्या जागी होणाऱ्या कापण्यावर चर्चा केली. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एका ठिकाणी एकाच अक्षराच्या फरकाने नवा पॅम तयार झालेला असतो, आणि बीसीएल११एसाठीचा हाच मार्गदर्शक तिथेही कापू शकतो. संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या जीनोममध्ये तो पॅम नाही, म्हणून नुसता संदर्भ जीनोम तपासून ती जागा दिसली नसती.

गोंड, माडिया, महार किंवा कोलाम समाजांतल्या रुग्णांच्या जीनोममध्ये असे स्वतःचे फरक असणारच. जीनोम इंडिया प्रकल्पाने देशभरातल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले आहेत, आदिवासी समाजांसह. विदर्भात हा उपचार आणायचा असेल, तर मार्गदर्शकाची ती २० अक्षरं आधी इथल्याच लोकांच्या जीनोमवर चालवून पाहावी लागतील, पॅम धरून, एकेक जागा.